ज्या सकाळी मी वजन खोटं कळवलं

हे मी नांदेडच्या त्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या बायांसाठी लिहिते आहे. मांडीवर फाईल ठेवून बसलेल्या, शेजारणीची फाईल आपल्यापेक्षा जाड की पातळ हे तिरक्या नजरेने बघणाऱ्या, आणि ती आत गेली की तिला काय सांगितलं असेल याचा अंदाज बांधणाऱ्या. मीही तेच करत होते.

मूल व्हावं म्हणून घेतलेल्या औषधांनी माझी अंडाशयं फुगली, पोटात पाणी झालं आणि आठ दिवस मी दवाखान्यात पडून होते. हे होऊ नये म्हणून डॉक्टर मॅडमनी जे करता येतं ते सगळं केलं होतं. एकच काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी वजन करून ते खरं कळवायचं. तेवढंच मी बिघडवलं.

का बिघडवलं हे लिहायला लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला हेवा वाटत होता. आजही कधीकधी वाटतो.

अश्विनीला हळदीचा वास सहन होईना

माझं माहेर जवळा बाजारच्या अलीकडचं एक खेडं. वडिलांना थोडी जमीन, आणि बाजाराच्या दिवशी ते शिलाई मशीन घेऊन बसायचे. ते चौथी शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. मी वसमतच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. निकालाच्या दिवशी वडील गळ्यातला टेप काढायचा विसरून तसेच एस.टी.ने कॉलेजात आले होते. पेढे वाटताना प्रत्येकाला सांगत होते, "माझ्या पोरीचं माप लई मोठं निघालं." मी शिकले ती त्यांच्यामुळे. हे मी कुठेही, कशाबद्दलही लिहायला बसले तरी आधी सांगेन.

आता मी गावाजवळच्या खाजगी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. माझे मिस्टर साखर कारखान्यात फिटर आहेत. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही आत्या म्हणतो. धाकटे दीर आणि त्यांची बायको अश्विनी. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली. अश्विनी येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा शेतात हळद शिजत होती, आणि त्या वासाने ती भिंतीला धरून ओकली. घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. ज्या बाईला एखादी गोष्ट मिळत नाही, तिला ती दुसरीकडे लांबूनही ओळखू येते.

त्या दिवसापासून घराची बोलण्याची पद्धत बदलली. आत्या म्हणायच्या, "अश्विनी, तू बस. सविता, तू बघ गं जरा." तेवढंच. त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. पण मी पाण्याची घागर उचलायची आणि ती बाजेवर बसून दूध प्यायची, आणि तिच्या वरच्या ओठावर दुधाची रेघ उमटायची. त्या रेघेचा मला राग यायचा. ती पोरगी स्वभावाने गरीब. मला "ताई, ताई" करत मागे फिरायची. त्याचाही राग यायचा. वाईट वागली असती तर मला सोपं गेलं असतं.

लहान इंजेक्शन

माझी अडचण साधीच होती. पाळी अनियमित, सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक गाठींची माळ. मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुमची अंडाशयं औषधाला जास्त जोरात उत्तर देणाऱ्यातली आहेत. म्हणून आपण डोस कमीच ठेवू, आणि दर दोन-तीन दिवसांनी बघत राहू."

मी मान डोलावली. पण बाहेर आल्यावर बघितलं तर शेजारच्या शबानाला माझ्या जवळपास दुप्पट डोस होता. शबाना हिंगोलीची. नवऱ्याचं टायरचं दुकान. आमची इंजेक्शनं एकदमच सुरू झाली होती. मी सिस्टरला विचारलं, "मला लहान इंजेक्शन काहून?"

सिस्टर हसल्या. "ताई, सोयाबीनला खत टाकून राहिलो का आपण? जास्त टाकलं की जास्त पीक, असं न्हाई ते. तुमचं रान आधीच कसदार आहे. जास्त टाकलं तर जळंल."

मला पटलं नाही. इंजेक्शनं मी आमच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवायचे. एकदा अश्विनीने दार उघडलं आणि बघितलं.  दुसऱ्या दिवशी बरणी नीट पुढे सरकवलेली होती, मागचं कोणाला दिसू नये अशी. तेवढ्यासाठी तरी मी तिचे आभार मानायला हवे होते. मी मनात म्हटलं, हिला सगळं आयतं मिळालं म्हणून हिला चांगलं वागायला परवडतं.

सव्वीस

अंडी काढली तो सोमवार होता. शबानाची सात निघाली, माझी सव्वीस.

या बाबतीत पहिल्यांदाच मी कोणाच्या तरी पुढे गेले होते. शबानाने कपाळाला हात लावला. "या अल्ला! बाजी, मेरे सातच निकले. तुम्हारी तो पूरी शाळा भर जाएगी!" मी वरून म्हटलं, सातसुद्धा चांगली असतात. आतून मला एवढं बरं वाटलं की गुंगीतही मी हसत होते.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. आदल्या सोनोग्राफीपासूनच त्या काळजीत होत्या. शेवटचं इंजेक्शन त्यांनी बदललं होतं, वेगळं दिलं होतं. त्याने धोका कमी होतो, संपत नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. रोज रात्री घ्यायची एक गोळी सुरू केली होती. आणि आता त्यांनी मिस्टरांना आणि मला समोर बसवून सांगितलं, "या महिन्यात गर्भ आत सोडायचा नाही. जेवढे चांगले तयार होतील तेवढे गोठवून ठेवू. दोन-तीन महिन्यांनी अंडाशयं शांत झाली की मग."

मी रडायला लागले. "मॅडम, सव्वीस निघाली तरी?"

"सव्वीस निघाली म्हणूनच. आता दिवस राहिले तर गर्भाचे हार्मोन या फुगलेल्या अंडाशयांना अजून फुगवतील. तुमच्या जिवाला धोका होईल. मूल मला तुमच्या जिवापेक्षा मोठं नाही."

हे वाक्य मी आज परत परत आठवते. तेव्हा मला एवढंच दिसलं, की शबानाचं याच आठवड्यात होणार आणि माझं नाही. सातवाली पुढे गेली आणि सव्वीसवाली मागे राहिली.

निघताना सिस्टरने एक कागद दिला. रोज सकाळी रिकाम्या पोटी वजन. बेंबीवरून टेपने पोटाचा घेर. किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली. सगळं व्हॉट्सॲपवर कळवायचं. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला किंवा उलट्या थांबेनात, तर फोन करायचा आणि लगेच यायचं. वेळ बघायची नाही.

धान्याचा काटा

आमच्या घरी वजनाचा काटा नाही. गावात चौकात भुसार दुकान आहे, सोयाबीन, तूर, हळद घेणारं. तिथला इलेक्ट्रिक काटा बरोबर असतो, कारण त्यावर रोज भांडणं होतात. मिस्टर मला सकाळी लवकर तिथे घेऊन जायचे. दुकानदार रामभाऊ त्यांचे शाळेतले दोस्त. ते म्हणायचे, "वहिनी, चपला काढा, न्हाईतर तूट धरावी लागंल."

सोमवारी संध्याकाळी अठ्ठावन्न किलो दोनशे. गुरुवारपर्यंत एकोणसाठ नऊशे. घेर वाढत होता. टेप वडिलांचा होता, कापड झिजून मऊ झालेला. सिस्टरने शनिवारी तपासायला बोलावलं होतं, आणि तोवर रोजचं कळवा म्हणाल्या होत्या.

मध्ये शुक्रवार होता. शुक्रवारी अश्विनीचं डोहाळजेवण होतं.

त्या सकाळी मिस्टर मंडपवाल्याकडे गेले होते. मी एकटीच काट्यावर गेले. बासष्ट शंभर. एका दिवसात दोन किलोच्या वर. रामभाऊंनी आकडा बघितला आणि गंमत केली, "वहिनी, पाऊसकाळ हाय. माल ओला भरून राहिला." ओल्या सोयाबीनचं वजन जास्त भरतं, ते त्या अर्थाने बोलले. ते जे म्हणाले ते शब्दाशब्दाने खरं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मला मात्र कळलं होतं. मी गणिताची बाई आहे. कागद मला पाठ होता. चौकातून घरी येताना मी दोनदा थांबले, कारण दम लागत होता.

दारात पोहोचले तर अंगणात केळीचे खुंट बांधत होते. आणि मला एकच गोष्ट दिसली. मी आज गेले, तर गल्लीतल्या बाया म्हणतील, मोठीला बघवलं न्हाई. धाकटीच्या डोहाळजेवणाच्या दिवशीच हिला बरोबर दुखणं आलं. आणि त्यांचं म्हणणं अर्धं तरी खरं असेल, कारण मला खरंच बघवत नव्हतं. ज्या गोष्टीचा माझ्यावर आळ येईल ती माझ्यात होती, म्हणून मला तो आळ नको होता.

मी मोरीत जाऊन फोन काढला आणि सिस्टरला लिहिलं, "वजन ६०.२." लघवी कमी झाली होती, ती नेहमीएवढीच असंही लिहिलं. सिस्टरचा अंगठा आला. मिस्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनाही साठ सांगितलं. वर्गात एखाद्या पोराने पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून आकडा बदलला तर मी त्याला उभं करते. स्वतःला मी उभं केलं नाही.

पेढा की बर्फी

अश्विनी हिरव्या साडीत पाटावर बसली होती. हातात, गळ्यात, कमरेला फुलांचे दागिने. मी जरीची साडी सैल नेसले होते, पण पोट लपत नव्हतं. आत्यांच्या शेजारी बसणाऱ्या सुमनबाई, ज्यांच्या नजरेतून गल्लीतलं मांजरही सुटत नाही, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मोठ्याने म्हणाल्या,

"अगं बया! सविता, तुझंबी दिसून राहिलं की! काहून लपवून राहिलीस?"

सगळ्या बाया वळल्या. आत्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. उपचार चालू आहेत एवढं त्यांना माहीत होतं. त्यांना वाटलं, झालं.

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं.

एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द बोलले नाही, कारण त्या बाया आता माझ्याकडे बघत होत्या आणि अश्विनीकडे नव्हत्या.

"व्हय का गं? किती महिने?" "सांगत न्हाई म्हणजे तीन झाले नसतील." "दोघी जावांचं एकदमच, नशीब काढलं बाई म्हातारीनं!" कोणीतरी मला हाताला धरून अश्विनीच्या शेजारी पाटावर बसवलं. सुमनबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, खारीक, हळकुंड, नारळ. पदर जड झाला. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या ओट्या भरताना मागे ताट धरून उभी राहिले होते. मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी म्हणतात. अश्विनीने उचलली, पेढा निघाला. टाळ्या झाल्या. सुमनबाईंनी वाट्या फिरवून माझ्यापुढे ठेवल्या. "आता तुझी पाळी."

मी उचलली. बर्फी होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं. ते सगळं खोटं आहे हे मला माहीत होतं, तरी ती मुलगी मला दिसली. तिच्या दोन वेण्यासुद्धा दिसल्या.

मग वाटी खाली ठेवायला वाकले आणि श्वास अर्ध्यात अडकला. बरगडीखाली कोणी हात घालून वर ढकलतंय असं वाटलं. मी हसत राहिले. कोणाला कळलं नाही. अश्विनीला कळलं.

तिने माझा हात धरला. बायांना वाटलं, लाडाने धरला. तिने तो आपल्या पोटावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "ताई, हे बघा. हे असं असतं." मग दुसऱ्या हाताने माझ्या पोटाला हात लावला. "आन् हे ढोलकीसारखं ताणलंय. हे लेकराचं पोट न्हाई, ताई. आज काट्यावर किती भरलं?"

मी ओटीतला नारळ सरळ केला.

"ताई, तुमची शपथ. किती?"

"बासष्ट."

तिला रोजचे आकडे माहीत होते. मी ते फ्रीजच्या बाजूला पेन्सिलने लिहायचे आणि कोणी वाचत नाही असं समजायचे. ती उठली. अंगावरची फुलं तशीच, ओटीतले तांदूळ खाली सांडले. आत्या ओरडल्या, "अगं, भरल्या ओटीनं मधूनच उठू न्हाई!"

"आत्या, ताईंना श्वास येऊन न्हाई राहिला," अश्विनी म्हणाली. "भाऊजींना हाक मारा. गाडी काढा म्हणावं. आत्ता."

आपल्याच डोहाळजेवणातून उठून ती मला दारापर्यंत घेऊन आली. तिच्या फुलांचा कमरपट्टा माझ्या हाताला लागून तुटला. गाडीत बसताना मी बघितलं, बाया दाराशी गोळा झाल्या होत्या आणि पाट रिकामा होता. मी तिचा दिवस मोडला होता. आणि त्या अवस्थेतही मनाचा एक कोपरा म्हणाला, तिने मला वाचवलं हेही आता तिच्याच नावावर.

आठ दिवस

मॅडमनी सोनोग्राफी केली. पोटात पाणी होतं, छातीतही तळाला थोडं. रक्त घट्ट झालं होतं. त्या दिवशी सुई घालून पोटातून अडीच लिटर पाणी काढलं. पाणी निघत गेलं तसा श्वास खाली उतरत गेला. त्याआधी श्वास म्हणजे काय असतो याचा मी कधी विचार केला नव्हता. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून रोज पोटावर एक बारीक इंजेक्शन. सलाईन मोजून. प्यायचं पाणी मोजून. लघवी मापाच्या भांड्यात. अंड्याचा पांढरा भाग आणि वरण. अंथरुणावर पडूनही पाय हलवत राहायचे. कुशीवर झपकन वळायचं नाही, कारण फुगलेलं अंडाशय पिळवटू शकतं. दुखलं तर आपल्या मनाने गोळी घ्यायची नाही, विचारायचं.

मॅडमनी मला रागावून सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं. "सविता, तुमच्या घरी मी नसते. माझ्याजवळ फक्त तुमचा आकडा असतो. तो खोटा असला तर मी आंधळी."

मिस्टर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एका दुपारी म्हणाले, "रामभाऊला फोन केलता. बासष्ट होतं म्हणे. मला साठ सांगितलं तू."

"हो."

"मी काय खाऊन टाकणार होतो का तुला?"

मी सगळं सांगितलं. अश्विनीच्या ओठावरच्या दुधाच्या रेघेपासून. माझ्या तोंडून हेवा हा शब्द ऐकून ते चकित झाले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "कारखान्यात पोरं बारशाचे पेढे वाटतात ना, तवा मी मशीनखाली जाऊन नट आवळत बसतो. आवळलेलेच." मग त्यांनी पाण्या-लघवीच्या नोंदींची वही ओढून घेतली. "आता आकडे मी लिहिणार. तू सांगू नको." उरलेले सगळे दिवस त्यांनी मापाचं भांडं उजेडात धरून, डोळा त्याच्या रेघेला लावून, मोठ्या अक्षरात लिहिलं. सात वर्षांत आम्ही इतके जवळ कधी नव्हतो.

शनिवारी शबानाचा गर्भ सोडला. ती मला भेटायला आली, हळूहळू पावलं टाकत. डोक्यावरची ओढणी सावरत म्हणाली, "बाजी, दुआ करो." मी करते म्हटलं. केली नाही. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, नाही राहिलं. मला एक क्षण, एकच क्षण, बरं वाटलं. मग तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि मला माझीच भीती वाटली. मी तिला सगळं खरं सांगितलं, दुआ न केल्याचंसुद्धा. ती रडता रडता हसली. "मालूम था. तुम्हारे छब्बीस सुनके मैं भी तीन दिन जल रई थी." आता आम्ही रोज बोलतो.

माझे पाच गर्भ गोठवून ठेवले आहेत. मॅडमनी त्या महिन्यात हट्ट मानला असता आणि मला दिवस राहिले असते, तर पाणी आठ दिवसांत थांबलं नसतं. कदाचित मी हे लिहायला नसते.

सुमनबाईंना उत्तर

घरी आले तेव्हा अश्विनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. आत्या माझ्याशी जपून बोलत होत्या. गल्लीतून त्यांना विचारणा होत होती आणि त्या "बघू, बघू" करत होत्या. माझ्या एका न बोललेल्या शब्दाची लाज त्या माउलीला घरोघर उचलावी लागली. एका दुपारी सुमनबाई आल्या आणि आत्यांसमोरच म्हणाल्या, "काय गं, खाली झालं म्हणे?"

"खाली काही झालं नाही, काकू," मी म्हटलं. "दिवस नव्हतेच. औषधांनी पोटात पाणी झालं होतं. तुम्ही ओटी भरली तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

 आत्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या चहा ठेवायला गेल्या होत्या. तीन कप घेऊन आल्या आणि पहिला माझ्या हातात दिला. संध्याकाळी सुमनबाई परत आल्या, मागच्या दाराने. त्यांच्या परभणीला दिलेल्या मुलीचीही अशीच इंजेक्शनं चालू आहेत, कोणाला सांगितलेलं नाही. "तिनं काय काय बघायचं, ते लिहून दे बाई." मी लिहून दिलं. वजन, घेर, लघवी, दम, उलट्या, पोटरीची सूज. आणि खाली लिहिलं, घरात कोणाचंही लग्न असो, मुंज असो, डोहाळजेवण असो, उठायचं आणि जायचं. लोक काय म्हणतील ते नंतर ऐकता येतं.

परत त्याच काट्यावर

सोयाबीनचा हंगाम संपता संपता अश्विनी दीड महिन्याची मुलगी घेऊन आली. वाटीत पेढा निघाला होता, झाली मुलगी. बर्फी मला निघाली होती. हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही, आणि मी ते मनात राहू दिलं.

गावात लेकरांची वजनं घेणाऱ्या आशा सेविकेचा काटा बिघडला होता आणि मुलीचं वजन लिहायचं होतं. अश्विनी म्हणाली, "ताई, तुमच्या काट्यावर नेऊ की हिला."

चौकात पोत्यांची थप्पी होती. रामभाऊंनी काटा पुसून दिला. पण लोखंड गार, मुलीला ठेवली की ती किंचाळायची. मग रामभाऊ म्हणाले, "वहिनी, तुमी घेऊन चढा. मग एकट्या चढा. वजाबाकी तर येती ना मास्तरीणबाईला?"

मी चपला काढल्या. मुलीला छातीशी धरून काट्यावर उभी राहिले. ती गप्प झाली. तिच्या टाळूला तेलाचा आणि धुराचा वास होता. आकडा हलला, थांबला. एकसष्ट तीनशे.

डोहाळजेवणाच्या त्या सकाळी मी या काट्यावर जवळजवळ एवढीच भरले होते.

"झालं वहिनी, उतरा," रामभाऊ म्हणाले.

मला उतरवेना. अश्विनी समोर उभी होती, हात पुढे न करता. तिने घाई केली नाही. पुढच्या महिन्यात मॅडम माझ्या पाचातला एक आत सोडणार आहेत. होईल की नाही, मला माहीत नाही. अश्विनीचा हेवा मला त्या क्षणीही वाटत होता, आणि ती मुलगी मला माझ्या जिवापेक्षा जास्त आवडली होती. दोन्ही एकदमच.

"ताई, किती?" अश्विनीने विचारलं.

"एकसष्ट तीनशे."

मग मी मुलगी तिच्या हातात दिली. आकडा खाली आला, सत्तावन्न दोनशेवर थांबला. तोही मी मोठ्याने वाचला.